मापाची दोरी

उंची

"ताठ उभी राहा. आणि श्वास सोड की गं, फुगून काय उभी राहायलीस?"

मी श्वास सोडला. कमलमावशीनं दोरीचं टोक माझ्या टाचेखाली सरकवलं. "पायानं दाबून धर," म्हणाली, आणि दोरी पाठीवरून ओढत थेट टाळूपर्यंत नेली. तिथं नखानं धरली आणि गाठ मारली.

"मावशी, डोक्याचं माप कशाला?" मागून शकू म्हणाली. "द्वारकीला टोपी शिवायलीस का?"

रांगेतल्या सगळ्या पोरी हसल्या.

"गप गं. तुझ्या जिभेचं माप घ्यायचं म्हटलं तर दोरी पुरायची नाही."

पोरी आणखी हसल्या. मीही हसले. हायस्कूलच्या व्हरांड्यात आठवीच्या मुलींची मापं चालली होती. कुळथे बाई खुर्चीवर बसून बघत होत्या. त्यांनी घरून टेप आणली होती.

"कमलताई, टेप घ्या ना. आकडे मी लिहून देते."

"आकडे तुमच्यापाशीच राहू द्या, बाई. मला कुठं वाचता येतं? दोरी असली की माझं भागतं."

बाईंनी हसून टेप पर्समध्ये ठेवली.

मावशीची पद्धत अशी होती. प्रत्येक मुलीची एक दोरी. टोकापासून उंचीची गाठ, मग खांद्याची, बाहीची, कंबरेची. कोणती दोरी कुणाची हे कळावं म्हणून त्या मुलीचंच काहीतरी टोकाला बांधायचं. शकूच्या दोरीला तिच्या फ्रॉकचं तुटकं बटण बांधलं होतं. माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून मावशीनं माझ्या वेणीतली लाल रिबीन दातानं थोडी फाडली आणि ती चिंधी बांधली.

"खांदे चांगले हायेत तुझे," ती म्हणाली. "कुणावर गेलीस?"

"आप्पावर."

"मोळी उचलशील डोक्यावर."

मला बरं वाटलं. शाळेत तोवर माझ्या अक्षराला, पाढ्यांना, गाण्याला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. खांद्यांना म्हटलं.

खांदा

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते.

सरकारी गणवेश तोवर इयत्तेवर यायचा. सहावीला एक माप, सातवीला एक. कुणाच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबायच्या, कुणाचा स्कर्ट पिन लावून धरावा लागायचा. कुळथे बाई नव्या आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये विषय काढला. लेकरं एका साच्यातून निघत नाहीत, त्यांना अंगाच्या मापाचे कपडे मिळाले पाहिजेत, म्हणाल्या. हेडमास्तर वैतागले, पण कबूल झाले. शिवणकाम गावातल्या बचत गटाला मिळालं. गटात मशीन चांगली चालवणारी एकच होती, कमलमावशी.

बाईंनी हे वर्गात सांगितलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. आकाशी शर्ट, लांब बाह्यांचा. निळा स्कर्ट. खिशावर शाळेचं नाव भरलेलं.

आता घरचं. आमच्या वस्तीवरची जवळजवळ सगळी घरं दसरा झाला की ऊस तोडायला जायची. मुकादमाची गाडी यायची, माणसं, भांडी, शेळ्या, सगळं त्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यामुळं मायची पाठ मागच्या हंगामात धरली होती तरी तिला जावंच लागणार होतं. मी मागं राहणार असेन तर एकटी राहणार होते.

बाईंनी सांगितलं होतं की हायस्कुलात अशा मुलांसाठी वसतिगृह निघणार आहे, हंगाम संपेपर्यंत. मुलींना शाळेच्याच खोलीत झोपायचं, तिथंच जेवायचं. मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. आप्पा बिडी ओढत होते. ते फार बोलत नसत.

"शाळा कपडे देणार हाय का?" त्यांनी विचारलं.

"देणार हाय. माप घेतलंय."

"मग गाडी यायच्या आत शाळेचं कापड अंगावर आलं तर राहा. नाही तर चल."

"कपड्याचं काय त्यात?" माय म्हणाली.

"ज्यानं अंगावर कापड घातलं त्यानं सांभाळायचं. आपल्यात रीतच हाय ती. पाव्हणे साडी नेसवून जातात, त्या दिवसापास्नं पोरगी आजारी पडली तरी दवाखाना त्यांचा. तसंच. शाळेनं घातलं तर शाळेची जबाबदारी. नुसतं बोलल्यावर कोण धरून ठेवतंय उद्या?"

आप्पा शब्दाचे पक्के होते. त्यांनी एकदा म्हटलं की मुकादमसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नसे. म्हणून मला वाटलं, झालंच.

मायचं गणित वेगळं होतं. ते ती आप्पांना सांगत नसे, मला सांगायची.

"शाळेच्या कपड्यातल्या पोरीला कुणी मागणं घालत नाही. लेकरू दिसतं ते."

म्हणून माझा सातवीचा गणवेश माझ्या अंगावरून उतरतच नव्हता. विहिरीवर तोच, सरपणाला तोच, चुलत्याच्या लग्नात तोच. तिथं एक म्हातारी म्हणाली, "हिला काय शाळेनं दत्तक घेतलंय का?" माय म्हणाली, "व्हय, घेतलंय." पोळ्याच्या सुमारास घागर उचलताना तो पाठीवर उभा फाटला. मायनं ठिगळ लावलं, ते ठिगळाच्या कडेनं फाटलं. मग मी मायच्या जुन्या लुगड्याचा परकर आणि तिचंच पोलकं घालायला लागले. आप्पा शाळेत जा म्हणेनात, जाऊ नको असंही म्हणेनात. मायनंच घरी बसवलं.

"गणवेश आला की जा. तवर दारात उभी राहायचं नाही. पाव्हण्यासारखा कुणी दिसला की आत."

आमच्या वस्तीला एकच पायवाट येते. मुलगी बघायला कुणी येणार म्हणजे तिच्यावरूनच येणार. माय पाठ भिंतीला टेकवून ओट्यावर बसायची आणि त्या वाटेकडं बघत तांदूळ निवडायची, वाकळ शिवायची, काही नसलं तर नुसती बसायची. कुणीही आलं नाही. वाट रिकामी राहिली. संध्याकाळी ती उठताना म्हणायची, "गेला आजचा दिवस."

बाही

बाकीच्या गावांतल्या शाळांना गणवेश पंधरा ऑगस्टलाच मिळाले होते. इयत्तेवरचे, तयार. मामाची पोरगी तो घालून आली होती, तिच्या बाहीत तिचा हात शोधावा लागत होता. मी तिला हसले.

आमचे येईनात. मापं घेतलेली, एकेक कापायचं, एकेक शिवायचं. घटस्थापना आली तेव्हा माय मला घेऊन कमलमावशीकडं गेली. डोक्यावरून पदर घ्यायला लावला मला, वाटेनं कुणी बघू नये म्हणून.

मावशी मशीनवरच होती. "या वैनी," म्हणाली. पाय थांबले नाहीत.

"माझ्या पोरीचा तेवढा आधी करून दे, कमलबाई."

"सगळ्याच म्हणत्यात आधी माझा. मला पाय दोनच हायेत."

"आन जरा ढगळ शीव."

"काहून?"

"वाढतं अंग हाय."

"ढगळ चालायचं नाही. बाईंनी बजावलंय, मापाबरहुकूम पाहिजे. माझं नाव खराब करू नका."

तिनं आम्हाला चहा केला. कपबशी मायला, मला पेला. मग पेल्याकडं बघतच तिनं विचारलं, "भाकरी येती का गं तुला?"

"येती का म्हणजे?" मायनंच उत्तर दिलं. "माझी पाठ गेल्यापास्नं हिच्याच हातची खातो आमी. टम्म फुगती."

"आन कोयता?"

"मागल्या साली उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधले होते हिनं. लेकरू हाय अजून."

"वाढे बांधले म्हणजे आलंच की."

माय खुशीत होती. आपल्या लेकीचं कुणी विचारतंय असं तिला क्वचितच व्हायचं.

मावशी पुन्हा मशीनवर बसली. भिंतीवर खिळ्यांना दोऱ्या लटकत होत्या. शकूचं बटण दिसलं. एकीला काडेपेटीचा तुकडा होता, एकीला मोरपिसाची काडी. मी लाल रिबीन शोधली. नव्हती.

"मावशी, माझी दोरी कुठाय?"

मशीन थांबली. सुईतला दोरा तुटला असावा, कारण ती खाली वाकली.

"कापायला घेतलीय," ती म्हणाली.

येताना माय भरभर चालली, पाठीवर हात न ठेवता. "कापायला घेतलाय म्हणजे झालाच की गं," ती म्हणाली. "दोन दिवसांत अंगावर."

दोरीवर पुढं कंबरेची गाठ होती. ती राहू दे. इथून पुढं मापात सांगता येत नाही.

———

नवरात्र उठायच्या आधी पाव्हणे आले. दोन पुरुष, दोन बायका. माय ओट्यावरच होती. तिनं लांबूनच ओळखलं की त्यातली एक कमलमावशी आहे. मावशीच्या हातात पिशवी होती.

"आला गं," माय आत बघून म्हणाली. "गणवेश आला. मावशी स्वतः आलीय द्यायला."

मी परकर झटकून उभी राहिले.

दुसरी बाई मावशीची थोरली बहीण होती, सुंदराबाई. तिचा नवरा आणि दीर. आप्पांनी घोंगडी टाकली. आप्पांना ते येणार हे माहीत होतं, हे मला त्यांच्या घोंगडी टाकण्यावरून कळलं. मायला पाणी देताना कळलं.

"काय काम काढलंत?" तिनं विचारलं.

"काम कसलं, वैनी," सुंदराबाई म्हणाली. "माझ्या पोराची, अंकुशची साडी घेऊन आलोय. दसऱ्याच्या आत नेसवून टाकू, मग गाडीच्या आधी अक्षता."

"पोरगी बघायला आलात व्हय?"

"बघायचं काय आता?"

"बघितल्याबिगर?" माय आप्पांकडं वळली. "आवं, बघितल्याबिगर साडी? आपल्या दारात कुणी आलंय का? मी इथं बसलेली हाय. एक माणूस आलं नाही. मी सांगते ना, कुणीच आलं नाही."

"बघितली की," सुंदराबाई म्हणाली.

"कधी?"

सुंदराबाईचा दीर खाकरला. कमलमावशी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती.

"दोरी नेली होती मी," ती म्हणाली.

मायला कळायला वेळ लागला. मला लवकर कळलं.

"वैनी, वाईट वाटून घेऊ नका," मावशी म्हणाली. "पोरगं चांगलं हाय. पीत नाही. त्याला कोयत्याला जोडी नाही, अर्ध्या कोयत्यावर कोण घेतंय? आन तुमी हिला सहा महिने कुणाच्या भरवशावर टाकणार होता? मलाच ती दोरी हातात आल्यावर वाटलं, हे तर घरातलंच माप हाय."

माय पुन्हा आप्पांकडं वळली. "शाळेचं कापड यायचंय अजून. तुमी शब्द दिलाय पोरीला."

"दिलाय," आप्पा म्हणाले. "यांच्या आधी शाळेचं आलं असतं तर मी यांना पाणी पाजून वाटेला लावलं असतं. बघ, आलंय का?"

"हिच्याच हातात हाय ना ते." मायनं मावशीकडं बोट केलं. "हिनंच शिवायचं होतं."

"आलं का, एवढंच म्हणतोय मी," आप्पा म्हणाले.

मला आत नेलं. साडी मोरपंखी होती, धुतलेली नव्हती, खळीचा वास येत होता. सुंदराबाईनं निऱ्या काढल्या. पिशवीतून तयार शिवलेलं पोलकं निघालं. मी हात घातले. खांद्याला ताण नाही, काखेत चुणी नाही, शेवटचं हूक सहज लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादा कपडा बरोबर बसला होता.

"बघ," सुंदराबाई बहिणीला म्हणाली, "तुझ्या हाताला तोड नाही."

———

सुंदराबाईच्या घरी हे झालं तेव्हा मी तिथं नव्हते. माझी दोरी होती. पुढं सासूनंच मला हे सांगितलं, कौतुकानं, आणि एकदा नाही.

दोरी खिळ्याला अडकवली. टोक जमिनीला टेकवलं. अंकुशला चप्पल काढून भिंतीशी उभं केलं.

"कुठवर येती?"

"कानाला लागली."

"चांगलं. नवऱ्यापेक्षा उंच नको."

सासऱ्यांनी खांद्याची गाठ दोन्ही हातांत धरून ताणून बघितली, बैलाचं जू बघतात तशी. "मोळी पेलंल," म्हणाले.

"दिसती कशी?" अंकुशनं विचारलं.

"दिसायचं काय?" सासूचा दीर म्हणाला. "दोरीला तोंड असतं व्हय रं?"

सगळे हसले. अंकुशही हसला. मग त्यानं टोकाची लाल चिंधी बोटांनी धरून बघितली आणि विचारलं, "हे काय?" मावशी म्हणाली, "रिबीन. शाळेत जाती ती."

"जाती का गेली?" सासूचा दीर म्हणाला.

हेही सासू सांगायची. तिला ते विनोदी वाटायचं.

———

साडी नेसवून पाव्हणे गेले, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी कुळथे बाई आल्या. उन्हातून चालत, चपला हातात, कारण वाटेतल्या ओढ्याला पाणी होतं. काखेत वर्तमानपत्रात बांधलेला पुडा.

"द्वारका कुठंय? किती दिवस शाळेत नाही. म्हटलं गणवेश आपणच नेऊन द्यावा. आज सकाळीच आलेत सगळे."

मी बाहेर आले. अंगावर मोरपंखी साडी होती. पाव्हणे गाडी येईपर्यंत ती उतरवू नका म्हणून सांगून गेले होते.

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं.

"हे काय आहे?"

"बसा बाई," आप्पा म्हणाले. "उशीर झाला जरा."

"कशाला उशीर? किती वर्षांची आहे ती? आठवीत आहे. कायदा आहे, तुम्हाला माहितीय ना? मी तक्रार करीन. पोलिसांना सांगेन."

आप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"सांगा," ते म्हणाले. "ते येतील. मला दरडावतील, मी पाया पडेन. मग ते जातील. मग गाडी येईल, आमी जाऊ. मग हिच्या दाराशी कोण बसंल?"

"वसतिगृह आहे ना."

"निघालं का?"

"मंजुरी यायची आहे वरून. दिवाळीनंतर येईल."

"गाडी दसऱ्यानंतर हाय, बाई." आप्पांनी बिडी काढली, पण पेटवली नाही, बाई समोर होत्या. "तुमी नेता का हिला? आत्ता. तुमच्या घरी. तुमी हो म्हणा, मी त्यांची साडी त्यांच्या दारात टाकून येतो. माझी इज्जत जाऊ दे."

हे ते मनापासून म्हणत होते. मला माहीत आहे. माय दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी बाईंकडं बघत होते. बाई तालुक्याला राहायच्या, भाड्याच्या घरात, नवरा, सासू-सासरे, दोन मुलं. मला त्यांचं घर ठाऊक नव्हतं, तरी त्या क्षणी मी त्या घरात झाडू मारत होते, भांडी घासत होते, त्यांच्या मुलांना शाळेत सोडत होते आणि तिथूनच शाळेत जात होते.

बाईंनी चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"मला घरी विचारावं लागेल," त्या म्हणाल्या.

"मग," आप्पा म्हणाले. एवढंच.

बाई माझ्याकडं वळल्या. "द्वारका, तुला काय हवंय?"

"घालून बघू का, बाई?" मी म्हणाले.

आत जाऊन मी साडी सोडली. कोरा शर्ट, कोरा स्कर्ट. इथंही खांद्याला ताण नव्हता. बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली, एक सूत खाली नाही, वर नाही. खिशावर शाळेचं नाव. मी ते बोटानं चाचपलं. माय आत आली आणि दारातच उभी राहिली.

"बसलाय गं माय. बरोबर बसलाय."

ती बघत राहिली. ज्या कपड्यासाठी तिनं सगळा पावसाळा ओट्यावर काढला तो माझ्या अंगावर होता.

"काढ," ती म्हणाली.

"काहून?"

"बरोबर बसलाय म्हणून. ह्याच्यात तू मोठी दिसायलीस."

बाहेर जाऊन ती बाईंसमोर बसली. ती बाईंशी कधी डोळ्याला डोळा देऊन बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"बाई, तुमी माप घ्यायला नको होतं."

"म्हणजे?"

मायनं दोरीचं सांगितलं. हळूहळू, पहिल्यापासून, गाठी, लाल चिंधी, पिशवीतली साडी, सगळं. बाई ऐकत होत्या, चपला मांडीवर, ओल्या. मग उठून गेल्या. ओढ्यापर्यंत दिसल्या.

बाईंनी तक्रार केली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. चौकशीला माणूसही आला. तोवर अक्षता पडल्या होत्या आणि वस्तीवरच्या दारांना कुलपं होती. कुणाला विचारणार? तो एका म्हातारीला विचारून गेला. ती बहिरी होती.

———

किंवा असं.

गणवेश इयत्तेवरच येतो. पंधरा ऑगस्टला, गठ्ठ्यानं. माझी बाही बोटांच्या खाली लोंबते, स्कर्ट पिन लावून धरावा लागतो. शकू म्हणते, "द्वारकी, आत कुणी आहे का गं?" सगळ्या हसतात. मी रडकुंडीला येऊन घरी जाते. आप्पा माझ्याकडं बघतात, बिडी झटकतात. "आलं का शाळेचं? बरं झालं."

बस. यात कुठंही कुणी चांगलं वागत नाही. कुणी माझ्यासाठी भांडत नाही.

———

साखर कारखान्याच्या भागात थंडी लवकर पडते. उसाचं पात हातांना कापतं, म्हणून बायका साडीवरून पुरुषांचे शर्ट घालतात. सासूनं माझं गाठोडं उघडलं. मायनं निघताना तळाशी गणवेश घातला होता. का घातला, ते मी तिला कधी विचारलं नाही.

"हा लांब बाह्यांचा हाय की," सासू म्हणाली. "घाल. नव्या साडीच्या चिंध्या नको करू."

मी मोरपंखी साडीवर आकाशी शर्ट घातला, बटणं लावली, डोक्याला फडकं बांधलं आणि फडात उतरले. अंकुश तोडत होता, मी मोळ्या बांधत होते. तो वाईट नव्हता. बोलत नसे. मला तहान लागली की त्याला कळायचं, तो घागरीकडं बघायचा, म्हणजे मी पाणी प्यावं.

एक दिवस फडाच्या बांधावर मोटारसायकल थांबली. एक तरुण गुरुजी उतरले, गळ्यात ओळखपत्र. शाळेत न जाणारी मुलं शोधत ते ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर, कोप्यांवर, फिरत होते, असं सासरे म्हणाले. गुरुजींनी बांधावर खेळणारी पोरं गोळा केली, नावं विचारली, एकाला मांडीवर घेतलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. म्हणजे शर्टाकडं.

ते उसाच्या बुडख्यांतून वाट काढत आले. खिशावरचं नाव त्यांनी वाचलं.

"अरे वा. हायस्कूलची आहेस का? कितवीत आहेस गं?"

अंकुशचा कोयता थांबला. सासू पलीकडच्या सरीत होती, तीही थांबली.

"घाबरू नको," गुरुजी म्हणाले. "तुला काही होणार नाही. इथं कारखान्यावर शाळा आहे आमची. मी घरच्यांशी बोलतो. कितवीत होतीस, तेवढं सांग."

त्यांचा आवाज खरंच चांगला होता. ते माझ्यासाठी भांडले असते. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

"मी शाळेत नाही," मी म्हणाले. "मी सून हाय इथली. शर्ट नणंदेचा हाय. पात लागतं म्हणून घातलाय."

त्यांनी खाली माझ्या पायांकडं बघितलं. जोडव्यांकडं. मग पुन्हा माझ्या तोंडाकडं, बराच वेळ. मी त्यांच्याकडं तशीच बघत राहिले, मोठ्या बाईनं बघावं तशी. ते एक पाऊल मागं सरले.

"माफ करा हं, वहिनी," ते म्हणाले. "मला वाटलं... चालू द्या तुमचं काम."

मला 'तुम्ही' म्हणणारा तो पहिला माणूस. ते बांधावर जाऊन पुन्हा पोरांत बसले, आणि मी मोळी डोक्यावर घेतली.